मेरेआनाची उलटी फेरी

पणजोबांच्या काळात करवतीतून वाचलेलं कौरी वृक्षांचं ते जंगल मेरेआनाला तोंडपाठ होतं, आणि म्हणूनच तिथे पायपीट करायची म्हटली की तिच्या कपाळाला आठ्या पडत. पण नात ऐकेना.

"नॅन, वाट गोल आहे. निघतो तिथेच परत येतो," काहू म्हणाली.

"मग निघायचंच कशाला?"

जावई पीटा हसला. "झेपत नसेल तर गाडीत बसा."

हे मात्र तिला झोंबलं. "तुम्ही डावीकडून जा, मी उजवीकडून जाते. जो मागे राहील त्यानं सगळ्यांना मासे-चिप्स खाऊ घालायचे."

झाडांना रोग लागू नये म्हणून फाटकापाशी सगळ्यांनी ब्रशनं बूट घासले. मंडळी दिसेनाशी होताच मेरेआना उजवीकडच्या पहिल्याच वळणावर बाकावर टेकली आणि थर्मासमधला चहा पीत निवांत पाखरं ऐकत बसली. काहूचा आवाज आला तशी ती उठली आणि धापा टाकत फाटकाशी हजर झाली. समोर सगळे चिखलानं बरबटलेले.

"झाली बाई फेरी. म्हाताऱ्या कौरीला तुमचा नमस्कार सांगितला."

काहूनं तिच्या बुटांकडे पाहिलं. "तुला चिखल कसा नाही लागला?"

"मी बघून चालते."

"नॅन, मधला पूल वाहून गेलाय. आम्ही अर्ध्यातूनच मागे फिरलो."

मेरेआनानं थर्मासचं झाकण शांतपणे घट्ट केलं.

"तेच सांगतेय," ती म्हणाली. "तिथं तर फारच बघून चालावं लागलं."