विहिरीवरचं उसनं गाणं

लेकुरा या सांबुरू गुराख्याच्या घराण्याचं गाणं काही मोठं नव्हतं. गायींची नावं, आजोबांनी मारलेल्या सिंहाची थोडी फुशारकी आणि मधूनमधून हुंकार. पण आटलेल्या नदीत खणलेल्या विहिरीतून बादल्या वर देताना ते म्हटलं, की काठावरच्या गर्दीतून त्याच्याच गायी पाण्याच्या डोणीपाशी येत. सांबुरू मुलखात घराघराची विहीर वेगळी, तसं गाणंही वेगळं. आपलं गाणं ऐकल्याशिवाय गाय हलत नाही.

हेच गाणं त्यानं हत्तीच्या पिल्लाला म्हटलं, आणि तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली. हे पिल्लू, नामायाना, त्याच्याच विहिरीत पडलं होतं. तिचा कळप उजाडायच्या आत निघून गेला. लेकुरानं तिला वर काढून अनाथ हत्तींच्या आवारात नेलं, तिथेच नोकरी धरली, आणि शेळीचं दूध पाजताना दुसरं काही येत नव्हतं म्हणून विहिरीचं गाणं म्हणत राहिला.

आता ती मोठी झाली होती. रानकळपातल्या फाटक्या कानाच्या हत्तिणीचं पोर दुष्काळात गेलं होतं, तिनं नामायानाला पोटाशी घेतलं. पण सकाळी लेकुरानं विहिरीत तोंड उघडलं, की बया हत्तिणीला सोडून धावत काठावर हजर. हत्तीण लांब उभी राहून वाट बघायची, रोज थोडी कमी. डोंगरावर ढग जमत होते. पाऊस पडताच कळप तिच्याशिवाय तिकडे गेला असता, तर नामायाना जन्मभर माणसांच्या दारात राहिली असती.

एक दिवस, तिनं कळपातच राहावं म्हणून, त्यानं गाणं म्हटलंच नाही. तहानलेल्या गायी काठावरून खुळ्यासारख्या बघत राहिल्या, मग हंबरू लागल्या. नाइसूला ही त्याची बायको. ती म्हणाली, "धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. हत्तीला गायीचं गाणं शिकवायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

शेजारच्या विहिरीवरचा लेसुयान हे ऐकत होता. तो आणि लेकुरा एकाच वर्षी भालाईत योद्धे झालेले, तेव्हापासून एकमेकांची टर उडवत आलेले.

"तुझ्या गायी माझ्या गायींत सोड," तो म्हणाला. "मी गातो."

"लोक म्हणतील, लेकुरा दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पितो."

"म्हणू देत. तुझ्या गायींची नावं घालतो माझ्या गाण्यात. आजोबांचा सिंह मात्र नाही. तो कोल्हा होता, सगळ्यांना माहीत आहे."

लेकुरा हसला आणि त्यानं गायी शेजारच्या विहिरीकडे वळवल्या. सांबुरू माणूस गाय देईल, पण घरचं गाणं दुसऱ्यासाठी मोडून देत नाही.

गायी आधी बिचकल्या, पण शेजारणींच्या मागोमाग डोणीला लागल्या. लेकुरा त्याच विहिरीतून ओठ मिटून बादल्या वर देत राहिला. नामायाना काठावर आली नाही. पाऊस आला तेव्हा ती कळपाबरोबर डोंगरात गेली.

नदी पुन्हा आटली, विहिरी पुन्हा खणल्या. पहिल्याच सकाळी लेकुरा आपलं गाणं म्हणत होता, तोच काठावरून नाइसूलानं हाक मारली. त्यानं डोकं वर काढलं. समोर कळप होता. नामायानानं सोंड उचलून ऐकलं, दोन पावलं त्याच्याकडे टाकली. फाटक्या कानाची हत्तीण खोल घुमली. नामायाना वळली आणि आईच्या मागून चालू लागली.

लेकुराचे डोळे भरले, पण त्यानं गाणं थांबवलं नाही. गायींची नावं संपल्यावर त्यानं एक नाव वाढवलं, लेसुयानचं.

शेजारच्या विहिरीतून आवाज आला, "मी काय गाय आहे?"

याहून मोठा मान लेकुराच्या घरात नव्हता. "आहेस," तो म्हणाला, आणि ते नाव पुन्हा एकदा म्हटलं.