कृपेला माप नसतं

बंद पडलेल्या सिनेमागृहात तीनशे माणसं एकदम खोकत होती. कोरडा खोकला, ओला खोकला, घशातला, बेंबीच्या देठापासून उठणारा. आमची वस्ती गाद्यांच्या कारखान्यावर जगते. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, गादी शिवायची, आणि कापसाचं तूस दिवसभर नाकातोंडात घ्यायचं. थंडी पडली की घरागणिक एकेक माणूस खोकत असतो.

पूर्वी जिथं तिकिटं मिळायची त्या खिडकीतून आता एकेक पळी पाणी मिळत होतं. गोड, नारिंगी, जिभेला किंचित गार लागणारं. ते घेऊन खुर्चीवर बसायचं, की पडद्यासमोरून शांतबाबा सुरू करायचे.

"खोकतंय कोण? देह! का खोकतो? आत गोंधळ आहे म्हणून! गोंधळ इथं टाका, शांतता घरी न्या!"

मग अर्धा तास गाणं. गळा काय गोड होता माणसाचा! देवाचं नाव सुरात घेणाऱ्यावर माझा चटकन विश्वास बसतो, ही माझी जुनी खोड. गाणं संपेपर्यंत हॉलमधला एकेक खोकला विझत जायचा आणि शेवटी टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. बाया रडायच्या. मीही रडले.

घरी न्यायला बाटली मिळे. मी विचारलं, "बाबा, भाचीला किती देऊ? तीन वर्षांची आहे."

बाबा हसले. "औषधाला माप असतं, बाई. कृपेला माप नसतं. आई दूध मोजून पाजते का?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. किती खरं वाटलं ते!

आमची चिमणी म्हणजे माझ्या भावाची मुलगी. चार दिवस तिची छाती घरघरत होती, अंगात कणकण होती. त्या दिवशी सकाळी मी तिला जेवायच्या मोठ्या चमच्यानं दोन चमचे पाणी दिलं. खोकला गायब! वहिनी हरखल्या. दुपारच्या सुट्टीत मी कारखान्यातून जेवायला आले, तेव्हा आणखी दोन दिले.

जेवण झाल्यावर चिमणी उठली आणि तिरकी चालत जाऊन दाराला धडकली. आम्ही हसलो. ती पुन्हा उठली, पुन्हा पडली. मग भिंतीकडे बघून खुदखुदायला लागली. मी तिचं तोंड वळवलं तर बुबुळं मोठी झालेली, आणि डोळे या कडेला, त्या कडेला, झरझर नाचत होते.

शेजारीण दारातून ओरडली, "अगं, पोरीला देव दिसतोय! भाग्य उजळलं तुमचं! नमस्कार करा!"

आणि मी हात जोडले. खोटं कशाला सांगू? क्षणभर जोडले.

तेवढ्यात चिमणी पाण्याच्या घागरीला मिठी मारून म्हणाली, "आत्या." मी तिच्या मागे उभी होते.

बघता बघता तिची मान लुळी पडली. हाक मारली, हलवलं, गालावर थोपटलं. पोट वर यायचं, खाली जायचं, आणि मग कितीतरी वेळ वर यायचंच नाही. मी तिला उचललं आणि हातात ती बाटली तशीच घेऊन धावत सुटले. वहिनी अनवाणी मागे.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात एक बाई बसतात. बोलणं तिखट, म्हणून सगळे त्यांना मिरचीबाई म्हणतात. आजवर मीही त्यांना टाळायचे. त्यांनी चिमणीची पापणी वर करून पाहिली आणि गल्ल्यामागून बाहेरच आल्या.

"काय दिलंत हिला?"

"काही नाही हो, नुसतं कृपेचं पाणी."

"आणि?"

वहिनी रडत म्हणाल्या, "माझ्यासाठी तुमच्याकडून नेलेलं खोकल्याचं औषध. तेही सकाळी आणि अकरा वाजता, एकेक चमचा."

"तीन वर्षांच्या पोरीला? आणि दोन्ही?"

"वन्सं म्हणाल्या ते औषध नाहीच. औषध वेगळं, कृपा वेगळी. दोघांचं एकमेकांशी काय वाकडं असणार?"

मिरचीबाईंनी बाटलीचा वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ती दुसरी बाटलीही आणा घरून. धावा! मी गाडी थांबवते." त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आमच्याबरोबर गाडीत चढल्या. वाटभर चिमणीच्या नाकाखाली बोट धरून बसल्या होत्या. मी तोंडानं देवाचं नाव घेत होते, पण डोळे त्या बोटावरच होते.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी दोन्ही बाटल्या पाहिल्या, चमचा केवढा होता ते हातानं दाखवायला लावलं आणि चिमणीला आत नेलं. दार लागलं.

बाहेरच्या बाकावर मिरचीबाईंनी वहिनींच्या बाटलीच्या बुचावरची छोटी प्लास्टिकची वाटी काढली आणि तिच्यात आमचं कृपेचं पाणी ओतलं. वहिनींच्या औषधाचाच रंग, तोच वास, तीच धार.

मी मात्र त्या वाटीकडेच बघत राहिले. पारदर्शक, आत बारीक रेघा आणि आकडे.

"ही वाटी तर माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "कितीतरी आहेत. गादीला टाचायची बटणं ठेवते मी त्यांत."

"कुठून आणल्या?"

"सिनेमागृहाच्या मागे ढीग असतो. कोऱ्या करकरीत. कोण फेकतं कोण जाणे."

कोण फेकत होतं ते, माझंच बोलणं माझ्या कानावर पडल्यावर मला कळलं. महिनाभर पुरावा माझ्या मशीनवर होता आणि मी त्यांत बटणं मोजत होते!

"तुमचा बाबा म्हणजे नुसतं बूच आहे हो," मिरचीबाई म्हणाल्या. "हे औषध मेंदूला सांगतं, खोकू नको. पाऊणएक तासात गप्प. गाणं तेवढा वेळ काढायला. बाटल्या फोडायच्या, पिंपात ओतायच्या आणि माप उकिरड्यावर."

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. "श्वास सुधारतोय. उद्यापर्यंत इथंच राहू दे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिच्या छातीत कफ आहे, आजी. खोकून तो बाहेर टाकत होती बिचारी. तुम्ही तिचा केर काढणारा हातच धरून ठेवलात."

मी आजी नाही, आत्या आहे, हे सांगायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीनं मला ओळखलं आणि दूध मागितलं. मग मी कारखान्यात गेले, बटणं मशीनवर ओतली, सगळ्या वाट्या ओटीत घेतल्या आणि मिरचीबाईंना घेऊन सिनेमागृहात गेले. गाणं नुकतंच संपलं होतं. हॉल गप्प.

"बाबा," मी उभी राहिले. "ही तुमचीच बाटली. आत्ताच खिडकीतून घेतली, भरलेली आहे. सगळ्यांसमोर पिऊन टाका."

"मला खोकला नाही, बाई."

मागून कोणीतरी म्हणालं, "मग खोकला नसलेल्यावर कृपा नाही होय?" थोडा हशा पिकला.

बाबांनी बाटली हातात घेतली. हात ओठांपर्यंत गेला आणि थांबला. कपाळावर घाम.

"एवढी? एकदम?" ते हळूच म्हणाले. "जास्त होईल."

टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता त्यांनीच तयार करून ठेवली होती. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"जास्त?" मी म्हटलं. "कृपा जास्त होते, बाबा?"

मी ओटीतल्या वाट्या पडद्यासमोर ओतल्या. खळखळत पायरीवरून खाली गेल्या. लोक उचलून बघायला लागले, रेघांवरून बोट फिरवायला लागले. मिरचीबाई सांगत होत्या आणि त्या दिवशी त्यांचं तिखट कोणालाच लागलं नाही. बाबा गर्दीत कधी मागच्या दारानं निसटले कळलं नाही, पण ते दार पोलिसांनी आधीच धरलेलं होतं. रात्री डॉक्टर बाईंनी कळवलं होतं.

देवावरची माझी श्रद्धा तसूभर कमी झालेली नाही. उलट वाढली आहे. ज्यानं श्वासाला ताल दिला, नाडीला ठोका दिला, तो मापाचा राग कसा करील? म्हणून हात जोडून सांगते. खोकल्याचं औषध दुकानात सहज मिळतं, पण म्हणून ते सरबत नव्हे. बाटलीवर आत काय आहे ते वाचा. वाचता येत नसेल तर दुकानात विचारा, लाजू नका. सर्दीच्या दुसऱ्या गोळीतही तेच असू शकतं, आणि मग नकळत दुप्पट पोटात जातं. रोजची दुसरी गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. माप बाटलीबरोबरच्या वाटीनं, स्वयंपाकघरातल्या चमच्यानं नव्हे. लहान मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नको. आणि कफ पडत असेल, ताप असेल, धाप लागत असेल किंवा खोकला आठवडे उलटूनही हटत नसेल, तर त्याला गप्प करू नका. तो काय सांगतोय ते डॉक्टरांना ऐकू द्या.

चिमणी अजून सकाळी थोडी खोकते. माझ्या काळजात चर्र होतं, पण मी तिला गप्प करत नाही. तिच्या पाठीवर हात ठेवते आणि शेवटपर्यंत ऐकते.