ज्याला बाहेर जायचं असेल

प्रशिक्षणाहून परतलेल्या शिक्षकाला मी जरा घाबरूनच असतो. पुढचे काही दिवस तो आपल्याला सुधारत बसतो. पण दीपा मॅडम तशा नाहीत. आर्णीच्या आमच्या कॉलेजात त्या इंग्रजी शिकवतात, मी मराठी, आणि स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी आहेत. यवतमाळहून या वेळी त्या एक नवीनच गोष्ट शिकून आल्या. एखाद्या धड्यात मरण, मारहाण, अत्याचार असं काही असेल, तर वर्गाला आधी कल्पना द्यायची आणि ज्याला ऐकणं जड जाईल त्याला बाहेर बसायची मुभा द्यायची.

"चांगलं आहे की," मी म्हणालो. खरंच चांगलं होतं. त्यात वाईट काय, ते मला आजही सांगता येणार नाही.

बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात एक कथा होती. समुद्रकाठच्या गावातली एक बाई एका सकाळी घरातलं सगळं आवरते आणि पाण्यात चालत जाते. गाव म्हणतं, लाटेनं ओढलं. शेवटच्या पानावर तिची मुलगी सगळ्यांसमोर उभी राहून सांगते की माझ्या आईला लाटेनं ओढलं नाही, ती आपणहून गेली.

मॅडमना काळजी होती राखीची. राखी जवळच्याच बंजारा तांड्यावरची. तिची आई विहिरीत गेली, त्याला फार दिवस झालेले नाहीत. पाय घसरला, असं तिच्या बापाने, देवसिंगने, पोलिसांना सांगितलं. मग तांड्यानेही तेच सांगितलं. खरं काय ते आर्णीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण तोंडातून कोणी काढत नाही.

मी स्वतः तांड्यावरचाच, पुसदकडचा. आमच्या बायका दुःखानंतर भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून चालीवर रडतात. त्या रडण्यात सगळी हकीकत येते, बाई कशी होती, काय झालं, कशी गेली. राखीच्या आईच्या वेळी बायका आल्या, गळ्यात पडल्या, पण कशी गेली तिथवर येऊन प्रत्येकीचं रडणं अडायचं. पुढे नुसते हुंदके. तिथल्या चंदाबाईने, म्हणजे राखीच्या काकीने, हे मला सांगितलं होतं. मी ऐकलं आणि विसरून गेलो. मॅडमना हे तेव्हाच सांगायला हवं होतं, असं आता वाटतं.

मॅडमच्या वर्गात धडा मुलंच मोठ्याने वाचतात, एकेकाच्या वाट्याला एक पान. त्या दिवशी वाचन सुरू व्हायच्या आधी त्या म्हणाल्या, "या धड्यात एका आईचं मरण आहे. ज्याला बाहेर जायचं असेल त्याने जावं. कोणी काही विचारणार नाही."

कोणी काही विचारलं नाही. फक्त सगळा वर्ग वळून एकाच बाकाकडे बघायला लागला. दुष्टपणा कोणाच्याही मनात नव्हता. राखी जरा वेळ तशीच बसून राहिली. मग शेजारच्या ममताने तिला जायला वाट म्हणून मायेने पाय आत घेतले. आता उठण्यावाचून काय उरलं होतं? ती उठली.

स्टाफरूमच्या खिडकीतून मला ती कडुलिंबाखाली उभी दिसली. पुस्तक मिटलेलं, ओठ हलत होते. मला वाटलं, पाठांतर करतेय, हुशार पोरगी. माझ्या अकलेची धाव तेवढीच.

दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजात आली नाही. शेवटी ममताच मॅडमकडे आली. "मॅडम, शेवटचं पान माह्या वाट्याले होतं. राखीनं ते मागून घेतलं होतं माह्याकडून. म्हणे, ते मलेच वाचू दे."

ती गेल्यावर मॅडम माझ्याकडे वळल्या. "राठोड सर, मी तिला दार दाखवलं हो," एवढंच म्हणाल्या. रविवारी मी त्यांना गाडीवर बसवून तांड्यावर घेऊन गेलो.

देवसिंगने अंगणात खाट टाकली. राखी आत चहा ठेवत होती. मॅडमनी, पोरीला कॉलेजात पाठवा, अशी सुरुवात केली.

"मी कायले अडवू मॅडम?" देवसिंग म्हणाला. "जाय म्हणतो त जात नाही, अन् काहून ते सांगत नाही. पह्यले त रोज सांजच्याले इथंच उभी राहून एकच धडा मोठ्यानं वाचे. मले इंग्रजीतलं काई समजत नाही, पण मी आपला ऐकत बसो. आवाज अगदी तिच्या याडीसारखा, मायसारखा निघे. आता तेही बंद करून टाकलं."

मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे. ज्या घरात 'आई आपणहून गेली' हे वाक्य कोणाला उच्चारता येत नव्हतं, त्या घरात ही पोर रोज संध्याकाळी बापासमोर ते मोठ्याने म्हणत होती. ज्यांना समजेल अशा माणसांत तिला ते एकदाच म्हणायचं होतं. आणि नेमकं तेव्हा आम्ही तिच्यावर दया केली.

"काय होतं मॅडम त्या धड्यात?" देवसिंगने विचारलं.

राखी चहाचं ताट घेऊन दारात आली होती. ती पुढे आली नाही, मागेही गेली नाही. मॅडमकडे बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती वाट बघत होती.

मॅडमनी बोलायला तोंड उघडलं. मग देवसिंगच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भला माणूस, बायको गेल्यापासून अर्धा झालेला.

"समुद्राची गोष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. "एका गावाची."

"असं होय," देवसिंग म्हणाला. "आमी काई समुद्र पाह्यला नाई."

राखीने आमच्यासमोर कप ठेवले आणि ती आत गेली. मला आमच्या बोलीत देवसिंगला चार शब्दांत सांगता आलं असतं. मी चहा फुंकत बसलो.

परतताना गाडीवर मागे मॅडम रडत होत्या. "परत तेच केलं मी, सर," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, मीपण होतो की तिथे.

सोमवारी राखी कॉलेजात आली. आता रोज येते, कधी चुकत नाही. धडा वाचायला तिचा नंबर आला की नीट उभी राहते आणि म्हणते, "पुढच्याले द्या, मॅडम." मॅडम पुढच्याला देतात.