पांढऱ्या पट्ट्याचा कॅन

कशाला बोलायला लावता मला? बसलोय कोपऱ्यात गप, तर बसू द्या की. पण टोपण उघडलंच आहे तर ऐका, आणि मधे बोलू नका.

मी फौजेचा पाण्याचा कॅन. महायुद्धाच्या धामधुमीत जन्मलो आणि थेट रसद पोचवणाऱ्या दलात लागलो. बंदूकवाल्यांचे पोवाडे होतात. त्यांना पीठ-पाणी कुणी पोचवलं हे कुणी विचारत न्हाई. माझ्या गळ्याला पांढरा पट्टा होता. पांढरा पट्टा म्हणजे पाणी. त्यात तेल घालणाऱ्याला हवालदार उभा सोलायचा.

तेव्हा आमचं दल खेचरांच्या पाठीवर चालायचं. धुक्यातून नुसता घुंगरांचा आवाज वर चढायचा, आणि माझ्या पोटात पाणी हलकं हलकं डुलायचं. दलाच्या नावापुढचं 'रॉयल' गोऱ्या साहेबांमागं गेलं. मग ट्रक आले. मग विमानं बर्फावर पोती टाकायला लागली. खालून मला ती उडत्या म्हशींसारखी दिसायची. साहेब बदलले, वाहनं बदलली, नियम तोच राहिला: सगळ्यात लांबच्या चौकीला आधी, आणि पोचवणाऱ्यानं शेवटी प्यायचं.

हा नियम नरसिंगच्या हाडात मुरला होता. उदगीरकडचा गडी, आधी खेचरवाला, मग ड्रायव्हर. मी मोडीत निघालो तेव्हा त्यानंच मला लिलावात उचललं. "चल गड्या, संगंच पेन्शनीवर जाऊ," म्हणाला. नांदेडला रेल्वेतून उतरलो आणि एसटीच्या टपावर बसून त्याच्या गावी आलो.

आलो तो बहात्तरच्या दुष्काळात. अर्धं गाव खडी फोडायला बसलेलं. पेन्शनीचे कागद अडकले होते, म्हणून नरसिंगनं तिथं पाणी वाटायचं काम धरलं. पहिल्याच दिवशी तो मला घेऊन रांगेच्या पार शेवटाला गेला. तिथं रत्नम्मा बसायची, पापण्यांवर धूळ, पुढ्यात रिकामा तांब्या.

"आरं ए फौजी!" रांगेच्या तोंडाशी छत्री धरून बसलेला मुकादम गुंडप्पा ओरडला. "मुकादम हितं हाय, दिसंना व्हय?"

"लांबच्याला आधी, आप्पा. आमच्यात तसंच असतंय."

"हितं काय लढाई लागली का?"

रत्नम्मा म्हणाली, "लढाई न्हाई, तर छत्रीची ढाल कशाला धरली, आप्पा?"

बाया खदाखदा हसल्या. गुंडप्पा तणतणत आला. माझ्या तोंडाला नाक लावलं. "राकेल! राकेलचा डबा हाय ह्यो. मारतो का समद्यास्नी?" आणि मला आडवा केला. पाणी खडीवर गेलं. दगड घडीभर निळे दिसले, मग वाळले.

मी नरसिंगकडं बघत होतो. तळाला घोटभर उरलं होतं. तेवढं पिऊन दाखवलं असतं तरी भागलं असतं. तो टोपी चाचपत म्हणाला, "हाव आप्पा. आसंल वास."

काम टिकलं त्याचं. दुसऱ्या दिवसापासून घागर आली आणि पाणी मुकादमापासून सुरू झालं. पाणी सांडलं त्याच संध्याकाळी घरी त्यानं माझ्यात खरंच राकेल ओतलं. पुन्हा कुणी हुंगलं तर मुकादम खोटा पडू नये म्हणून. आधी माझा पांढरा पट्टा बोटानं चाचपला. पण ओतलं.

राकेलानं गुंगी येते. त्या गुंगीत दहा वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला, गुलाल उडाला, आणि गुलालानं माखलेला म्हातारा गुंडप्पा दारात आला.

"नरसिंग, त्या दिशी वास नव्हता रं. बायांम्होरं लाज गेली म्हणून बोललो. चुकलं."

जाताना माझ्याही पाठीवर हात ठेवून गेला. उगं कशाला खोटं बोलू?

"जाऊ द्या, आप्पा," एवढंच नरसिंग म्हणाला. माझ्याकडं बघितलं न्हाई.

आता राकेलही संपलंय. अंगाला गंजाची भोकं पडलीत, त्यांतून सकाळचं ऊन पोटात उतरतं आणि भिंतीवर चांदण्या पडतात. नरसिंग रोज काठी टेकत मला वळसा घालून जातो. गुंडप्पाचा आणि माझा हिशेब मिटला. त्याला पट्ट्याचा अर्थ ठाऊकच नव्हता. ज्याला ठाऊक होता, त्याची माफी अजून यायची आहे. नरसिंगची.