मानवलेली हवा

बायको आशालता गेली त्याला वर्ष उलटलं, तरी चंद्रहास सोहोनींना अजून काही म्हणजे काही वाटलेलं नव्हतं. सासऱ्यांना रडू येईल म्हणून मुग्धाने खोलीत टिश्यूचा खोका ठेवला होता. तो त्यांनी चष्मा पुसून संपवला.

दसऱ्याला मात्र त्यांना भाव आला. मुलाच्या परदेशातल्या गावी, अल्बनीतल्या मराठी मंडळींत त्यांच्याइतकं म्हातारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे सोनं द्यायला सगळे त्यांच्याकडेच. आपटा इथे मिळत नाही. पोहुतुकावा या इथल्या झाडाच्या पानांवर भागवतात. दारात बुटांचा ढीग पडला आणि एकेक जण वाकू लागला. चंद्रहास तिकीट तपासल्यासारखे 'आयुष्मान हो' म्हणत होते.

त्यांचे स्वतःचे बूट जुलैपासून पायात शिरत नव्हते. त्यांनी एक नंबर मोठे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणले आणि प्रश्न निकालात काढला.

मग विभावरी वाकली. ही हॉस्पिटलात हृदयरोग्यांच्या वॉर्डात नर्स. वाकली ती उठेचना. इतकी भक्ती बघून मागची रांग अवघडली. विभावरीने त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला, उचलला. तिथे खड्डा राहिला. दुसऱ्या पायावरही तेच.

"काका, हे कधीपासून?"

"हवा मानवलीय मला."

मागे कोणीतरी हसलं. विभावरी हसली नाही. चालताना दम लागतो का, वजन वाढलंय का, असं विचारत गेली. चंद्रहासांनी सगळ्याला थोडंथोडं हो म्हटलं.

"झोपताना उशा किती?"

"दोन. एक तिची आहे."

कशासाठी, तर आडवं पडलं की श्वास पुरत नाही. हृदय थकलं की पाणी असं पायांत उतरतं, विभावरीने भाजीचा भाव सांगावा तसं शांतपणे सांगितलं आणि त्यांच्या मुलाला, अनिरुद्धला, गाडी काढायला लावली. उद्या नाही, आत्ता.

चंद्रहास उठले नाहीत. हातातलं पान त्यांनी उलटंसुलटं केलं.

"बांगड्याही घट्ट होतात का गं यात?"

"फार वाढलं तर हातांवरही येते सूज. का?"

"तिच्या झाल्या होत्या. पाय बघा हो माझे, म्हणायची. मी म्हटलं, हवा मानवलीय तुला. पुण्याला फोन करकरून सांगितलं सगळ्यांना." त्यांनी पान मांडीवर ठेवलं. "पापाटोएटोच्या भारतीय बाजारात जाऊन मोठ्या मापाच्या बांगड्या आणून दिल्या."

मुग्धा खाली बसली आणि तिने त्यांच्या पायांत जँडल्स सरकवले. रांगेत उरलेल्यांनी आपापलं सोनं टेबलावर ठेवलं.

गाडीत चंद्रहासांनी पँट जरा वर ओढली. खड्डे अजून पुरते भरले नव्हते. त्यातल्या एकावर त्यांनी पुन्हा अंगठा ठेवला आणि चांगला जोर लावून दाबला.

दुखलं नाही.