सोमवारी पडणारे सर्व्हर

सोमवारी सकाळी कांद्याचे लिलाव सुरू झाले आणि भाव दाखवणारं ॲप अडखळायला लागलं. देवळ्यापासून वणीपर्यंतच्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी फोन उघडले होते. अशा गर्दीची सोय होती: वापर वाढला की क्लाउडवर नवे सर्व्हर आपोआप सुरू व्हायचे. तसे ते होतही होते. पण प्रत्येक नवा सर्व्हर हेल्थ चेकमध्ये नापास होत होता. 'तयार आहेस का?' असं यंत्रणा दर अर्ध्या मिनिटाला विचारायची, उत्तर आलं नाही की त्याला काढून टाकायची आणि दुसरा उभा करायची. तोही तसाच जायचा.

निकिता एकटीच हे बघत होती. कॉलेज रोडवरच्या या ऑफिसात दोन वर्षांपूर्वी बारा जण होते. कुणाला पुण्याला नेलं, कुणाला घरी बसवलं. शेवटी राहिलेला अमोलही गेल्या महिन्यात गेला. चहावाल्यानेही यायचं सोडलं. एका कपासाठी तीन जिने कोण चढणार?

जुने चार सर्व्हर ठणठणीत होते, नव्यांवरचा प्रोग्रामही तोच. मग बिघडलं कुठे? तासभर डोकं खाजवल्यावर तिने एका नव्या सर्व्हरला काढून टाकण्याआधी अडवून धरलं आणि त्याच्या नोंदी ओळीने वाचल्या. तो कुठल्यातरी पत्त्यावर एक फाइल मागत होता. मिळत नव्हती, म्हणून पुन्हा मागत होता. पत्ता तिच्या ओळखीचा नव्हता. ही सगळी मांडणी अमोलची.

तिने फोन लावला. अमोल आता घोटीला भावाच्या भातगिरणीत बसायचा.

"मोठ्याने बोल गं, गिरणी चालू आहे!"

तिने पत्ता वाचून दाखवला.

"अगं, तो माझ्या टेबलाखालचा कॉम्प्युटर. सेटिंगची फाइल त्यातच आहे. नवा सर्व्हर सुरू झाला की आधी ती मागतो. तात्पुरतं केलं होतं, ते राहूनच गेलं. चालू आहे ना तो?"

निकिताने अमोलच्या टेबलाकडे पाहिलं. शनिवारी संध्याकाळी निघताना तिला त्याच्या पंख्याची घरघर ऐकू आली होती. कुणासाठी चालतोय हा, असं म्हणून तिनेच प्लग काढला होता. रविवारी बाजार बंद. नवा सर्व्हर लागला नाही आणि काही कळलंही नाही.

"मीच बंद केला," ती म्हणाली.

"मग लाव की! एवढं काय त्यात?"

फोन तसाच धरून ती टेबलाखाली शिरली. पाच मिनिटांत पहिला नवा सर्व्हर पास झाला, मागोमाग दुसरा.

"झालं रे."

"बघ! बरं, तू कशी आहेस?"

महिनाभराचं साठलं होतं. कुठून सुरुवात करावी हे तिला सुचेपर्यंत पलीकडून कुणीतरी अमोलला हाक मारली.

"गिऱ्हाईक आलंय. करतो नंतर," म्हणून त्याने फोन ठेवला.

पुन्हा असं होऊ नये म्हणून तिने दुपारी ती फाइल क्लाउडवरच हलवली. अहवालात चूक कुणाची या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि पुण्याच्या मुख्य ऑफिसात शेखर सरांना फोन करून सगळं सांगितलं.

"चूक लपवली नाहीस, हे चांगलं केलंस," सर म्हणाले. "म्हणजे आता त्या ऑफिसातलं काहीच आपल्याला लागत नाही?"

"नाही, सर."

"मग जागा सोडूनच देऊ. तू घरून काम कर."

घर म्हणजे पाथर्डी फाट्याची एक खोली. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत.

"सर, थोडे दिवस येत राहिले तर?"

"कशाला? तिथे कुणी नसतं ना?"

"मी असते."

सर हसले. त्यांना ती गंमत वाटली. "बरं, पंधरा तारखेला किल्ली देऊन टाक," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर निकिताने कॅलेंडर उघडलं. पंधरा तारखेला रविवार होता. म्हणजे किल्ली चौदालाच द्यावी लागणार.