डावा कान

"तुमची सेवा कोण करतं? म्हणजे आंघोळ, जेवण, औषधं?" मी सातवा प्रश्न वाचला.

सालहा हसली. "माझी? अगं पोरी, सासूला मीच न्हाऊ घालते. तिचे गुडघे गेलेत, माझे नुसते डोळे. लिही काय लिहायचं ते."

लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती. प्रश्न मीच बनवला होता. अपंग बाई म्हणजे जिची सेवा होते ती, असं मी विद्यापीठात बसून गृहीत धरलं होतं. शेजारी बसलेल्या मोंजियानं भुवया उडवल्या. ती वीस वर्षं पाहणीसाठी ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरातली घरं हिंडते आहे. मी जीवशास्त्राची पदवी घेऊन चार महिन्यांपूर्वी या कामावर आले.

आमच्या फॉर्ममध्ये एक गुलाबी पान होतं. मारहाणीचे प्रश्न चालू असताना घरातलं कुणी आलं, की ते पान उलटायचं आणि कुसकुस या रव्याच्या पदार्थाबद्दल विचारायला लागायचं: किती वेळा वाफवता, तेल कुठलं वापरता. सालहाला पान दिसणार नाही, हे त्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं, तेव्हा मोंजिया म्हणाली होती, "तिला कशाला पान? साबणाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं फोन जोडून देतेय. श्वासावरून माणूस ओळखते. कुणी आलं तर आपल्याआधी तिलाच कळेल."

"नवऱ्यानं शेवटचं कधी मारलं?" मोंजियानं आता हळूच विचारलं.

"गुरुवारी. चहात साखर कमी पडली."

"कुठं मारलं?"

"कानावर. मुनसिफ कानावरच मारतो. म्हणतो, तुझे डोळे इथंच आहेत ना."

सालहाच्या डावीकडे टेबलफॅन घरघरत होता. उजवीकडच्या दारात तिची सासू खदूजा येऊन उभी राहिली. पायांत लोकरी मोजे, दोन्ही हात चौकटीला. मी गुलाबी पान उलटलं. मोंजिया खाकरली. सालहा बोलतच राहिली.

"कारखान्यातही आता फोन डाव्या कानालाच लावते. उजव्यात नुसता समुद्र वाजतो. साहेबाला अजून कळलेलं नाही. कळलं तर..."

"सालहाबाई," मोंजिया मोठ्यांदा म्हणाली, "कुसकुस किती वेळा वाफवता?"

सालहा गप्प झाली. कोण आलंय हे शोधायला तिनं चेहरा वळवला, पण तो वळला पंख्याकडे.

आवाज कुठून आला हे ठरवायला दोन कान लागतात. एकाच कानानं आवाज कळतो, दिशा कळत नाही. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. खोलीत बसून मात्र ते मला खूप उशिरा सुचलं.

"तीनदा वाफवते," दारातून खदूजा म्हणाली. "आणि कान तिचा दाराला आपटला. आंधळ्या माणसाच्या घरात दारंच फार असतात."

मग मोंजिया अगदी सहज म्हणाली, "बरं झालं खाला, तुम्हीच विषय काढलात. यंदा अपंगांच्या कार्डाला कानाची तपासणी लागते. नाही केली तर कार्ड बंद."

"कुणी काढला हा नियम?"

"वरून आलाय."

"वरच्यांना कामधंदा नाही." खदूजानं आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "कधी जायचं?"

"मंगळवारी. सरकारी इस्पितळात."

"मी येणार बरोबर."

गल्लीत आल्यावर मी म्हटलं, "असा नियम नाहीये."

"आता आहे."

"आपण फक्त नोंद करायची असते. मध्ये पडलो तर पाहणीचा नमुना बिघडतो."

मोंजिया थांबली. "पोरी, नमुन्याचा एक कान गेलाय."

मंगळवारपर्यंत मला कुठे बसवेना. खदूजानं मुलाला सांगितलं असेल का? सांगितलं असेल तर तो काय करील? आम्ही गेलोच नसतो तर? दोनदा मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. आत शिरायला माझ्याकडे कारण नव्हतं.

मंगळवारी दोघी आल्या. खदूजानं सगळा भार सालहाच्या खांद्यावर टाकला होता. "पायरी," सासू सांगायची आणि सून तिला उचलून वर घ्यायची.

तपासणीला खदूजाला बाहेरच्या बाकावर बसवलं. डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगितला: उजवा गेला. डावा ठीक आहे.

"राहील ना ठीक?" सालहानं विचारलं.

"मार बसला नाही तर राहील."

त्यांनी दाखला लिहून दिला. तक्रार करायची झाली तर पोलीस पहिल्यांदा तोच मागतात. मोंजियानं सालहाच्या डाव्या बाजूला उभं राहून तो वाचून दाखवला.

"आपटून झालं, असं लिहिलंय?"

"नाही. मारामुळे, असं लिहिलंय."

"परत वाच."

मोंजियानं परत वाचला. सालहानं कागदाची घडी घालून ती पोलक्यात ठेवली. "महदियाची गाडी किती वाजता सुटते?" महदियाला तिची बहीण राहते.

"भरली की सुटते."

बाहेर येऊन तिनं सासूला सांगितलं, मी बहिणीकडे जाते. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. खदूजानं फक्त तिची बाही धरली. "आणि माझी आंघोळ?"

सालहानं वाकून तिचं एकेक बोट सोडवलं. "उम्मी, बादलीत आधी गार पाणी घ्यायला सांगा, मग गरम. पाठीला खरखरीत कपडा नको. मुनसिफ करील. हात आहेत त्याला."

खदूजाला मी टॅक्सीत बसवून दिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. दार लावताना मला दिसलं, तिचा एक मोजा घोट्याखाली उतरला होता. तो वर ओढायला तिला वाकता येत नव्हतं. मी ओढला.

गाड्यांचा तळ रस्त्यापलीकडे होता. मोंजियानं कोपर पुढे केलं.

"थांब जरा," सालहा म्हणाली.

हा रस्ता ती वर्षानुवर्षं एकटी ओलांडत आली होती, नुसत्या आवाजावर. आता सगळ्या गाड्या तिला एकाच जागी ऐकू येत असणार. ती फुटपाथच्या कडेला उभी राहिली. तिनं मान पूर्ण डावीकडे वळवली, डाव्या कानानं ऐकत थांबली. मग पूर्ण उजवीकडे वळवली, थांबली. डोळस माणसं बघतात तशी. एक ट्रक गेला, मागून एक मोपेड. तिनं पुन्हा डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे.

मोंजियानं कोपर मागे घेतलं.

"आता," सालहा म्हणाली आणि तिनं पाऊल खाली टाकलं.